हेझल स्कॉट : अडीचशे डॉलरचा निकाल

आमच्यासारख्या वकिली करणाऱ्यांना करारपत्रे वाचण्याची खोड असते. भाडेपट्टा असो, नोकरीचा करार असो की सिनेमाचा, नजर आपोआप अटी-शर्तींकडे जाते. कोणाला काय लिहून घेता आले आणि कोणाला मुकाट सही करावी लागली, यावरून त्या माणसाची समाजातली पत कळते. आज आम्ही ज्या बाईंविषयी लिहिणार आहोत त्या वकील नव्हत्या. त्या पियानो वाजवीत आणि गात असत. परंतु त्यांच्या करारात दोन कलमे असत, आणि ती वाचून आम्ही थक्क झालो. सिनेमात मोलकरणीची भूमिका करणार नाही, हे पहिले. ज्या सभागृहात काळ्या आणि गोऱ्या श्रोत्यांना वेगवेगळे बसवले जाईल तेथे वाजवणार नाही, हे दुसरे. ही कलमे १९४० च्या दशकातली आहेत. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा झाला १९६४ साली. सरकारने जो कायदा वीस वर्षांनी केला, तो या बाईने आपल्यापुरता आपल्या करारात आधीच करून ठेवला होता!

बाईंचे नाव हेझल स्कॉट. एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये हे नाव कोणाला सांगावे लागत नसे. नंतर ते असे पुसले गेले की अमेरिकेतील नव्या पिढीलाही ते मुद्दाम सांगावे लागते. ते आपोआप पुसले गेले नाही, पुसण्यात आले. म्हणून त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

हेझल यांचा जन्म ११ जून १९२० रोजी वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. आई अल्मा पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने पियानो शिकलेली होती आणि घरी शिकवण्या घेत असे. शिकवणीतला एखादा विद्यार्थी चुकीचा सूर लावी तेव्हा ही तान्ही पोर किंचाळत असे, आणि घरच्यांना त्याचे कारण कळत नसे. तीन वर्षांची असताना आजीच्या तोंडी असलेले भजन तिने आपले आपण पियानोवर वाजवले, तेव्हा उलगडा झाला. १९२४ साली हे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची वस्ती. शास्त्रीय संगीत शिकलेल्या काळ्या बाईला न्यूयॉर्कमध्ये कोणते काम मिळणार? अल्मा यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. मग त्या सॅक्सोफोन शिकल्या आणि लिल हार्डिन आर्मस्ट्राँग यांच्या बायकांच्या वाद्यवृंदात वाजवू लागल्या. मुलीच्या करारातील मोलकरणीच्या कलमाचे मूळ येथे आहे, असे आम्हाला वाटते. धुणीभांडी करण्यात हेझल यांना कमीपणा वाटत नव्हता. काळ्या बाईला पडद्यावर दुसरे काही दाखवायचेच नाही, ही सक्ती त्यांना मान्य नव्हती.

हेझल आठ वर्षांची असताना आईने तिला ज्युलियार्ड या नामांकित संगीत संस्थेत नेले. प्रवेशाचे वय सोळा. तरी मुलीने रॅखमानिनोव्ह यांचे सी शार्प मायनरमधील प्रसिद्ध प्रील्यूड वाजवायला घेतले. हात लहान, बोटे दूरच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचेनात. तेव्हा तिने मूळ सुरांच्या जागी आपल्या हाताला झेपतील असे जवळचे सूर योजले आणि वाजवत राहिली. बाहेरून जाणारे एक ज्येष्ठ संगीतज्ञ, अभिजात रचनेत ही ढवळाढवळ कोण करतो आहे म्हणून रागाने आत आले, तर समोर आठ वर्षांची मुलगी! ऑस्कर वॅग्नर नावाच्या प्राध्यापकांनी तिला खाजगी शिष्या म्हणून स्वीकारले. पुढे आयुष्यभर हेझल यांनी जे केले त्याची सुरुवात याच प्रसंगात आहे.

दिवसा ज्युलियार्डची तालीम आणि घरी आईची मित्रमंडळी. आर्ट टेटम, फॅट्स वॉलर, लेस्टर यंग, बिली हॉलिडे ही जॅझमधली मोठी माणसे त्या घरात येत-जात. त्यामुळे या मुलीच्या एका हातात बाख आणि शोपॅन तर दुसऱ्या हातात हार्लेम, असा प्रकार झाला. पंधरा-सोळाव्या वर्षी ती काऊंट बेसी यांच्या वाद्यवृंदाबरोबर रोझलँड बॉलरूममध्ये वाजवत होती, आणि रेडिओवरही तिचा कार्यक्रम सुरू झाला होता.

१९३८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॅफे सोसायटी नावाचा क्लब निघाला. बार्नी जोसेफसन हा त्याचा मालक ज्यू होता आणि पूर्वी चपलाबुटांच्या धंद्यात होता. त्या काळी हार्लेमच्या ऐन मध्यात असलेल्या प्रसिद्ध क्लबातही व्यासपीठावर काळे कलावंत आणि खुर्च्यांवर गोरे ग्राहक अशी विभागणी होती. कलावंतांचे आईबाप आले तर त्यांना आत बसायला जागा नसे. जोसेफसन यांनी ही पद्धत मोडली. त्यांच्या क्लबात काळे-गोरे शेजारी शेजारी बसत. याच क्लबात १९३९ साली बिली हॉलिडे यांनी झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे प्रथम गायले. बिली क्लब सोडून जाताना त्यांनी आपल्या जागी हेझल यांचे नाव सुचवले. हेझल तेव्हा १९ वर्षांच्या होत्या.

त्या तेथे काय करीत हे सांगितले पाहिजे. त्या शोपॅनचा एखादा वॉल्ट्झ किंवा बाखची रचना अगदी जशीच्या तशी, ज्युलियार्डच्या शिस्तीने सुरू करीत. श्रोते गंभीर होऊन ऐकू लागत. मग डाव्या हाताची लय हळूच बदले, बूगी-वूगीचा ठेका येई, उजवा हात मूळ सुरांभोवती आपली वेलबुट्टी काढू लागे, आणि पाहता पाहता तीच रचना हार्लेमची होऊन जाई. मध्येच त्या गातही. आवाज खालच्या पट्टीतला, धुरकट. डेक्का कंपनीने त्यांच्या अशा वादनाच्या तबकड्या काढल्या, त्यात बाख, लिस्ट, शोपॅन, रॅखमानिनोव्ह, फाल्या हे सगळे आहेत. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी अशाच रीतीने वाजवली. काही समीक्षकांनी नाके मुरडली. अभिजात संगीताचा अपमान झाला म्हणाले. आमचे संगीताचे ज्ञान श्रोत्यापुरतेच आहे. पण एक गोष्ट आम्हाला दिसते. त्या काळी काळ्या स्त्रीला सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर पियानोवादक म्हणून कारकीर्द करण्याचा रस्ताच बंद होता. ज्यांनी दार लावले त्यांनीच पुन्हा, ही बाई दाराबाहेर का वाजवते म्हणून विचारायचे, याला काय म्हणावे?

१९४५ च्या सुमारास त्यांची कमाई वर्षाला ७५ हजार डॉलर होती. त्या काळी गोऱ्या पुरुषांनाही हे स्वप्नवत वाटावे. दरम्यान हॉलिवूडने बोलावले. हॉलिवूडमध्ये काळ्या बाईला मोलकरीण, दाई किंवा नाचणारी या पलीकडे काम नव्हते. हेझल यांनी आपल्या अटी घातल्या. भूमिका नाही, पडद्यावर मी हेझल स्कॉट म्हणूनच येईन, नाव तसेच लागेल, कपडे व दागिने माझे असतील आणि माझ्या संगीतावर अखेरचा शब्द माझा राहील. स्टुडिओंनी हे मान्य केले, कारण नाव चालत होते. १९४३ ते १९४५ या काळात त्यांचे पाच चित्रपट आले. ‘रॅप्सडी इन ब्लू’ हा त्यातला शेवटचा.

शेवटचा का, ते ऐका. कोलंबिया स्टुडिओच्या ‘द हीट्स ऑन’ या १९४३ च्या चित्रपटात एक गाणे होते. काळे सैनिक युद्धावर निघाले आहेत आणि त्यांच्या बायका-प्रेयसी त्यांना निरोप देत आहेत, असा प्रसंग. स्वतः हेझल यांचा पोशाख करारानुसार उत्तम होता. पण मागे उभ्या राहणाऱ्या मुलींना मळके अ‍ॅप्रन घालायला दिले होते. युद्धावर जाणाऱ्या नवऱ्याला निरोप द्यायला कोणती बाई मळके अ‍ॅप्रन घालून जाते? हेझल यांनी काम थांबवले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चित्रीकरण बंद, पैसा वाहतो आहे. अखेर स्टुडिओने अ‍ॅप्रन काढले. परंतु कोलंबियाचे मालक हॅरी कोन यांनी, आपण जिवंत असेपर्यंत या बाईला पुन्हा सिनेमाच्या स्टुडिओत पाऊल टाकू देणार नाही, असे ठरवून टाकले. आधीच ठरलेली कामे पूर्ण झाली, आणि हॉलिवूडचे दार बंद झाले. हे बारकाईने पाहिले पाहिजे. हेझल यांचा स्वतःचा करार कोणी मोडला नव्हता, त्यांना वैयक्तिक तक्रारीला जागा नव्हती. ज्यांच्यापाशी करार नव्हता, ज्यांची नावेही पडद्यावर येणार नव्हती, अशा मुलींसाठी त्यांनी आपली कारकीर्द पणाला लावली. आपल्या चळवळीतही स्वतःपुरती सोय झाली की गप्प बसणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

१ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांच्याशी विवाह केला. पॉवेल हार्लेमचे धर्मोपदेशक आणि तेथून अमेरिकन काँग्रेसवर नुकतेच निवडून गेलेले सभासद. पॉवेल तोवर विवाहित होते, त्यामुळे लोकापवाद झाला. हे येथे लपवण्याचे कारण नाही. लग्नानंतर धर्मोपदेशकाच्या पत्नीने नाइट क्लबात वाजवणे बरे दिसेना, म्हणून हेझल यांनी क्लब सोडले आणि सभागृहांतून मैफली करू लागल्या. पुरोगामी नवऱ्यांचाही हा एक प्रांत असतो. असो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना जागा नाकारली. हे सभागृह अमेरिकन क्रांतिकारकांच्या वंशजांपैकी स्त्रियांच्या एका संघटनेचे. नाव संविधानाचे आणि व्यासपीठ फक्त गोऱ्यांना! १९३९ साली याच सभागृहाने थोर गायिका मरियन अँडरसन यांना नाकारले होते. तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संघटनेचा राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ७५ हजार लोकांपुढे गायल्या. सहा वर्षांनी, हिटलरचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त युद्धात गाडून झाल्यावर, पुन्हा तेच घडले. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी निषेध व्यक्त केला, परंतु ही खाजगी संस्था आहे, आम्ही हस्तक्षेप करू शकत नाही, असा पवित्रा घेतला. त्यांच्या पत्नी तर त्या संघटनेच्या चहापानालाही गेल्या. पॉवेल यांनी त्यावर जाहीर टोला हाणला आणि व्हाइट हाउसचे दरवाजे त्यांना बंद झाले. खाजगी मालमत्ता हा युक्तिवाद वर्णभेदवाल्यांचा जुना आवडता. सार्वजनिक पैसा, करमाफी, परवाना घेताना संस्था लोकांची असते. माणसाला आत घेताना मात्र ती खाजगी होते.

मैफलींच्या करारातील दुसरे कलम १९४८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे कसोटीला लागले. विद्यापीठात कार्यक्रम होता, श्रोते जमले होते. काळे एकीकडे व गोरे दुसरीकडे बसवले आहेत हे कळताच हेझल यांनी वाजवण्यास नकार दिला. टेक्सासच्या बंदूकधारी रेंजरांच्या पहाऱ्यात त्यांना शहराबाहेर नेण्यात आले.

आता पास्कोचे प्रकरण, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. फेब्रुवारी १९४९. हेझल मैफलीसाठी वायव्य अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराकडे निघाल्या होत्या. हवामानामुळे वाटेत पास्को या गावी थांबावे लागले. सोबत एक परिचित बाई होत्या. दोघी तेथील एका उपाहारगृहात शिरल्या. वाढणारीने सांगितले की काळ्या लोकांना येथे वाढले जात नाही. हिंदी चित्रपटात शोभावी अशी भांडणे झाली नाहीत. दोघी बाहेर आल्या. पोलिसांकडेही दाद लागली नाही. पंक्तिभेद म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पास्को दक्षिणेत नाही. हे थेट उत्तरेकडचे राज्य, गुलामगिरीचा इतिहास नसलेले. जवळच हॅनफर्ड येथे युद्धकाळात अणुबाँबसाठी प्लुटोनियमचा कारखाना उभा राहिला आणि त्यासाठी हजारो काळे मजूर आणले गेले. पास्कोत त्यांना रेल्वेरुळांच्या पूर्वेला राहावे लागे. शेजारच्या केनेविक गावात तर त्यांना वस्तीच करू देत नसत. विशेष म्हणजे, सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून मज्जाव करणे हा त्या राज्यात १९०९ पासून गुन्हा होता. म्हणजे कायदा होता. चाळीस वर्षे होता. पण तो वाढणारीला ठाऊक नव्हता, मालकाला ठाऊक नव्हता आणि पोलिसांना ठाऊक असून उपयोग नव्हता. कायदा करून घेणे ही निम्मी लढाई असते, उरलेली निम्मी कोणीतरी फिर्यादी होण्याची असते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

हेझल फिर्यादी झाल्या. त्यांनी मालकांवर ५० हजार डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. स्पोकेनच्या संघीय न्यायालयात तो चालला आणि १९५० साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम ठरवली २५० डॉलर. त्यांच्या एका मैफलीच्या मानधनापुढे ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे. ज्यूरीने हक्क मान्य केला आणि अपमानाची किंमत शक्य तितकी स्वस्त लावली. आमच्या वकिलीतही असे निकाल पदरी पडले आहेत. लाखांत मागितले आणि शेकड्यांत मिळाले. आम्ही पक्षकाराची समजूत काढायला शब्द शोधत असतो, आणि पक्षकार निकालाच्या नकलेला चौकट करून भिंतीवर लावण्याच्या गोष्टी करत असतो! पास्कोच्या निकालाने त्या राज्यातील संघटनांच्या हाती एक हत्यार दिले. दुसऱ्या प्रवाशांनी दावे लावण्याची हिंमत केली, विधिमंडळावर दबाव वाढला आणि १९५३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने सार्वजनिक सेवास्थळांविषयीचा आपला कायदा अधिक व्यापक व स्पष्ट केला. २५० डॉलरचा असा हिशेब लागला.

त्याच १९५० साली ड्युमाँट या कंपनीने दूरचित्रवाणीवर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू केला. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, आठवड्यातून तीनदा. राष्ट्रीय जाळ्यावर स्वतःचा कार्यक्रम चालवणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ३ जुलैला तो देशभर दिसू लागला. पडद्यावर ना मोलकरीण ना विदूषक, तर उत्तम पोशाखातली एक काळी स्त्री भल्या मोठ्या पियानोपाशी बसून वाजवते, गाते.

पण त्याआधी जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली होती. एफबीआयच्या माजी हस्तकांनी चालवलेल्या एका खाजगी प्रकाशनाने ती काढली. रेडिओ-दूरचित्रवाणीतील १५१ जणांची नावे तीत कम्युनिस्टांचे साथीदार म्हणून छापली होती. हेझल यांच्या नावापुढे नऊ संघटना लावल्या होत्या. कोणावर आरोपपत्र नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही, पुरावा नाही. नैसर्गिक न्यायाची सगळी तत्त्वे धाब्यावर बसवून एका खाजगी छापखान्याने शिक्षा सुनावली आणि जाहिरातदारांनी ती अंमलात आणली.

हेझल यांनी स्वतः होऊन अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीपुढे जाण्याचे ठरवले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. २२ सप्टेंबर १९५० रोजी त्या समितीपुढे आल्या आणि लेखी निवेदन केले. आपण कम्युनिस्ट नाही व नव्हतो, त्यांतील बहुतेक संघटना आपल्याला ठाऊकही नाहीत, असे सांगितले. हार्लेममधून नगरपरिषदेवर निवडून आलेल्या बेंजामिन डेव्हिस या काळ्या कम्युनिस्ट नेत्याला पाठिंबा दिला होता, हेही मान्य केले. आणि निरपराध कलावंतांना असे बदनाम करण्याच्या पद्धतीवर त्यांनी समितीच्या तोंडावर टीका केली.

आमचे मत विचाराल तर, त्यांनी जायला नको होते. त्या आमच्या पक्षकार असत्या तर आम्ही हात जोडून थांबवले असते. यादी खाजगी होती. समितीला ती रद्द करण्याचा अधिकारच नव्हता. जेथून निर्दोष सुटण्याची तरतूद नाही तेथे स्वेच्छेने उभे राहिल्याने फक्त त्या समितीला न्यायासनाचा मान मिळतो. शिवाय आपण तसले नाही हे सांगण्यात, जे तसले आहेत त्यांचे काय करावयाचे या प्रश्नावर मौन येते. पॉल रोबसन यांचा पासपोर्ट त्याच वर्षी काढून घेतला गेला होता. परंतु दुसरी बाजूही आम्ही नाकारत नाही. ज्या बाईने आयुष्यभर अन्यायाच्या ठिकाणी जागच्या जागी जाब विचारला, तिला घरी बसून वादळ ओसरण्याची वाट पाहा असे सांगणारा वकील तिने ऐकला नसता. त्या सरळ बोलल्या आणि सरळ बोलण्याचा मोबदला आठवड्याभरात मिळाला. २९ सप्टेंबर १९५० रोजी कार्यक्रम बंद झाला. त्याचे एकही मुद्रण आज उपलब्ध नाही.

नंतरचे थोडक्यात सांगतो. मैफली आटल्या, १९५१ मध्ये त्यांची प्रकृती मानसिक ताणाने ढासळली. १९५५ च्या जानेवारीत चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्यासोबत त्यांनी ‘रिलॅक्स्ड पियानो मूड्स’ ही तबकडी केली. ती मात्र टिकली आहे आणि जाणकार तिला त्यांचे सर्वोत्तम काम मानतात. तीत कसरत नाही, घाई नाही. १९५७ साली त्या मुलाला घेऊन पॅरिसला गेल्या. पॉवेल यांच्याशी संसार तुटलाच होता, १९६० मध्ये घटस्फोट झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या महामोर्च्याच्या वेळी लेखक जेम्स बाल्डविन व इतरांबरोबर त्या पॅरिसमधील अमेरिकन वकिलातीवर चालत गेल्या.

१९६७ साली त्या मायदेशी परतल्या. त्यांच्या करारातील दुसरे कलम आता देशाचा कायदा झाले होते. पण संगीत बदलले होते, तरुण श्रोते दुसऱ्याच सुरांवर डोलत होते. लहान क्लबांत वाजवत, दूरचित्रवाणीवर छोटी कामे करत त्या जगल्या. २ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ६१. क्वीन्समधील फ्लशिंग दफनभूमीत, जेथे लुई आर्मस्ट्राँगही आहेत, तेथे त्यांना पुरले आहे.

२०१९ च्या ग्रॅमी समारंभात अलिशिया कीज ही गायिका दोन पियानोंच्या मध्ये बसून दोन्ही एकदम वाजवू लागली आणि तिने हेझल स्कॉट यांचे नाव घेतले. तेव्हा अनेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकले. ती करामत हेझल यांनी ‘द हीट्स ऑन’मध्ये केली होती, एक पियानो काळा, एक पांढरा, एक हात इकडे, एक हात तिकडे. हा चित्रपट पाहायला मिळाला तर वाचकांनी तो प्रसंग पाहावाच. आणि त्याच चित्रपटातला सैनिकांच्या निरोपाचा प्रसंगही पाहावा. तेथे मागे ओळीने उभ्या असलेल्या काळ्या मुलींच्या अंगात छान फुलाफुलांचे झगे आहेत.